धरू न देणाऱ्या सशाची निगा

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘शुश्रूषा’ हा विषय मुक्रर केल्याचे पत्र आले, तेव्हा रुग्णालयातील परिचारिका, खाटेला खिळलेले वृद्ध आणि त्यांच्या उशाशी रात्री जागवणाऱ्या स्त्रिया यांचाच विचार प्रथम मनात यावा हे स्वाभाविक होते. परंतु ज्या रुग्णाला आपले दुःख सांगता येत नाही, आणि त्याहून कठीण म्हणजे ज्याला शुश्रूषा करणाऱ्याचा हात हाच आपल्या जिवावरचा घाला वाटतो, अशा रुग्णाची सेवा प्रत्यक्षात कशी होते हे पाहावे, असे माझ्या मनाने घेतले. आणि बदलापूरच्या पश्चिमेस, उल्हास नदीच्या बाजूला वसलेल्या एका वसाहतीत, मागच्या दोन्ही पायांची शक्ती गमावलेला एक पांढरा ससा ज्या कुटुंबात राहतो, त्या घरी मी वेळोवेळी जाऊन बसू लागलो.

सशाचे नाव चंदू. मुलगा आणि सून सकाळची लोकल पकडून मुंबईस रवाना होतात, नात दुपारपर्यंत शाळेत असते, आणि त्यामुळे चंदूचा सारा भार घरातील आजींवर पडतो. वसाहतीत सर्वजण त्यांना काकू म्हणतात, मीही तसेच म्हणू लागलो. “माणसाचं करणं सोपं हो,” पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या. “माझ्या सासूबाई दोन वर्षं अंथरुणावर होत्या. त्या रागावायच्या, पण हात लावला की जीव जातोय असं त्यांना वाटायचं नाही. ह्याला वाटतं.”

पळण्यासाठी घडलेला देह

सशाचे मागचे पाय हे त्याचे मुख्य शस्त्र आणि मुख्य संरक्षण आहे. त्या पायांच्या मांड्या बलवान, परंतु त्यांना धरून ठेवणारा अस्थिपंजर मात्र विलक्षण हलका. मांजराच्या शरीरात हाडांचे वजन एकूण वजनाच्या 12 ते 13 टक्के असते, तर सशाच्या शरीरात ते 7 ते 8 टक्केच भरते. परिणाम असा होतो की पाठीला आणि पार्श्वभागाला आधार न देता ससा उचलला आणि त्याने भयाने हवेत लाथ झाडली, तर त्याच्याच स्नायूंच्या बळाने त्याच्याच कण्याचा कमरेजवळचा मणका मोडतो. चंदूच्या बाबतीत नेमके हेच घडले. सुट्टीत घरी आलेल्या एका मुलाने त्याला कौतुकाने कान धरून उचलले, त्याने तडफड केली, तो फरशीवर पडला, आणि त्या दिवसापासून त्याचे मागचे पाय फरशीवरून ओढले जाऊ लागले. कान धरून ससा उचलण्याची वहिवाट आपल्याकडे बाजारात, शाळांतून आणि चित्रांतूनही इतकी रुळलेली आहे की त्या मुलाला दोष देण्याची काकूंची इच्छा नाही, आणि माझीही नाही. पायांचे बळ जाण्याची इतरही कारणे आहेत: वार्धक्यात मणक्यांची झीज होते, सांधे आखडतात, आणि ‘एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली’ नावाचा एक सूक्ष्म परजीवी मेंदू, मज्जातंतू आणि मूत्रपिंडे यांवर अंमल बसवून सशाला हळूहळू पांगळा करतो. हा परजीवी सशाच्या मूत्रावाटे पसरतो. म्हणून सफाईनंतर साबणाने हात धुण्याचा दस्तूर घरातल्या प्रत्येकाने, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांनी तर कटाक्षाने, पाळावा.

ससा स्वभावतः घाणेरडा नाही, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. निरोगी ससा दिवसातील कित्येक घटका आपले अंग चाटण्यात घालवतो. पाय गेले की त्याची स्वच्छतेची सारी व्यवस्थाच कोसळते. मूत्रविसर्जनाच्या वेळी पार्श्वभाग उचलता येत नाही, सबब मूत्र पोटाखालच्या लोकरीत मुरते. ससा आपल्या नेहमीच्या कोरड्या लेंड्यांखेरीज एक मऊ, चिकट, द्राक्षाच्या घोसासारखी विष्ठा टाकतो आणि ती थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो, कारण तिच्यात त्याला आवश्यक अशी जीवनसत्त्वे आणि प्रथिने असतात. पांगळ्या सशाला कंबर वाकवता येत नाही, म्हणून ती विष्ठा तेथेच चिकटून वाळते आणि घरच्यांना वाटते की त्याला हगवण लागली. जांघेतील गंधग्रंथींत मेणासारखा काळपट मळ साचतो. कानांचेही तसेच. सशाचा कान साफ होतो तो मागच्या पायाच्या नखांनी खाजवून, आणि तो पाय निकामी झाला की कानात मळ साठत जातो, ही गोष्ट काकूंच्या ध्यानात पुष्कळ उशिरा आली, तोवर चंदू सारखी मान झटकू लागला होता.

मूत्राचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. बहुतेक प्राणी अन्नातील कॅल्शियम गरजेपुरतेच शोषून घेतात; ससा मिळेल तेवढे शोषतो आणि अतिरिक्त भाग मूत्रावाटे टाकतो, म्हणून त्याचे मूत्र पुष्कळदा कालवलेल्या चुन्यासारखे पांढरट आणि दाट असते. असे मूत्र त्वचेवर तासन् तास राहिले की त्वचा प्रथम लाल होते, मग तिचे केस झडतात, मग ती सोलवटते. त्या सोलवटलेल्या त्वचेला कपड्याचा स्पर्शही सहन होत नाही, आणि म्हणून आधीच हात लावू न देणारा ससा अधिकच प्रतिकार करतो. मळामुळे वेदना, वेदनेमुळे प्रतिकार, आणि प्रतिकारामुळे पुन्हा मळ, असे हे दुष्टचक्र आहे.

हाताची दहशत

घरात पाळला जाणारा ससा हा आपल्या माळरानावरील रानसशाचा वंशज नव्हे. आपला रानससा उघड्यावर राहतो आणि त्याची पिले डोळे उघडे व अंगावर लोकर घेऊनच जन्मतात. पाळीव ससा हा स्पेन-पोर्तुगालच्या भूमीतील बिळांत राहणाऱ्या जातीपासून निपजलेला असून त्याची पिले आंधळी आणि उघडी जन्मतात. त्याला अंधाऱ्या, बंदिस्त, तळाशी घट्ट असलेल्या जागेत सुरक्षित वाटते. आणि पाय जमिनीवरून सुटणे याचा अर्थ त्याच्या रक्ताला एकच ठाऊक आहे, तो म्हणजे कोणीतरी त्याला धरून नेत आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे आणि वरचेही दिसते, मात्र नाकासमोरचा थोडासा भाग दिसत नाही. म्हणून वरून झेपावणारा हात आणि नाकासमोरून अचानक येणारा हात, हे दोन्ही त्याला सारखेच भयंकर.

त्या घरात प्रारंभी चंदूला न्हाणीघरात नेऊन नळाखाली धरीत असत. तो किंचाळे. ससा सहसा आवाज करीत नाही. तो किंचाळतो तेव्हा त्याला मरण समोर दिसत असते. मग कोणीतरी सुचविले म्हणून त्याला उताणे करून पाहिले, आणि तो खरोखरच निपचित पडला. घरच्यांना वाटले की त्याला बरे वाटले. ही समजूत फार घातक आहे. उताण्या सशाचे निपचित पडणे ही भक्ष्याची अखेरची युक्ती होय. अभ्यासकांनी अशा अवस्थेतील सशांचे परीक्षण केले तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके आणि श्वास वाढलेले व तणावाचे संप्रेरक रक्तात चढलेले आढळले. ससा स्वस्थ पडला म्हणून तो राजी झाला, असे मानण्याचा अधिकार आपल्याला नाही. डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागणे, कान पाठीला चिकटणे, सर्व अंग ताठ होणे ही त्याची नकाराची भाषा आहे, आणि पांगळा ससा तर मागचा पाय आपटून इशाराही देऊ शकत नाही.

आता त्या घरी जे चालते ते मी शांतपणे पाहिले. खोलीच्या कोपऱ्यात चटई, चटईवर जुनी गोधडी, आणि तिच्यावर काकू मांडी घालून बसतात. चंदूला उचलून त्यांच्याकडे नेत नाहीत, काकूच त्याच्याकडे सरकतात. एक मोठा टॉवेल त्याच्या बाजूने हळूहळू वर येतो, डोके आणि पुढचे पाय त्यात गुंडाळले जातात, तोंड काकूंच्या कोपराच्या खोबणीत जाते, पाठ त्यांच्या पोटाला टेकते. दोघांपैकी कोणाचाही आवाज नाही. नात मागच्या बाजूस बसते. “आजी, तू त्याचं कपाळ चोळत राहा, मी पुसते,” ती म्हणते. आणि दोन डोळ्यांमधल्या त्या लहानशा जागेवर काकूंचे बोट फिरत असते तोवर काम उरकते. चंदूने झटापट केली तर ती पकड घट्ट न करता, टॉवेल सैल न सोडता, दोघी नुसत्या थांबतात. तो निवला की पुन्हा सुरू, आणि न निवल्यास ते काम संध्याकाळवर. शेवटी कोथिंबिरीच्या दोन काड्या. हा शिरस्ता रोज त्याच जागी, त्याच वेळी आणि त्याच टॉवेलाने चालतो. चंदू अद्यापही हात आवडीने लावून घेत नाही, परंतु पुढे काय होणार आणि ते केव्हा संपणार हे त्याला कळते, आणि त्याच्या भयाची धार त्यामुळेच बोथट झाली आहे असे माझे मत आहे.

अंथरुणाचा बंदोबस्त

तथापि या साऱ्या कौशल्याहून अधिक महत्त्वाची गोष्ट मला दिसली ती अंथरुणाची. प्रतिकार करणाऱ्या रुग्णाची स्वच्छता ही जितकी हाताने कमी आणि अंथरुणाने व अन्नाने अधिक साधेल, तितकी ती रुग्णाला सोसवते. ज्या दिवशी अंथरूण कोरडे असते त्या दिवशी चंदूला टॉवेलात घेण्याचे प्रयोजनच पुष्कळदा उरत नाही. तळाशी प्लास्टिकचा तुकडा, त्यावर औषधाच्या दुकानात रुग्णांसाठी मिळणारे शोषक अंडरपॅड किंवा त्याऐवजी जुन्या सुती साडीच्या चार-पाच घड्या, आणि सर्वांत वर फ्लीसचे मऊ कापड, अशी त्यांची रचना आहे. फ्लीस स्वतः पाणी धरून ठेवीत नाही, ते खाली झिरपू देते, आणि म्हणून वरचा थर कोरडा राहतो. मात्र नवे कापड काही वेळा धुतल्याखेरीज ते झिरपू देत नाही, आणि धुताना कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव वापरले तर त्याचा हा गुण जातो. हे कापड काकूंनी उल्हासनगरच्या बाजारातून आणले. 1949 मध्ये सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले ते शहर आज कापडाच्या व्यापारासाठी विख्यात आहे, आणि तेथे कापडाचे उरलेले तुकडे वजनावर मिळतात, ही त्यांनी मला मुद्दाम सांगितलेली माहिती बदलापूर-अंबरनाथच्या वाचकांच्या उपयोगी पडेल.

खरी परीक्षा आषाढ-श्रावणात होते. या पट्ट्यात पाऊस एकदा लागला की गॅलरीतील दोरीवर घातलेले कापड आठवडाभर ओलसर राहते, आणि ओलसर कापड सशाखाली घालणे म्हणजे मूत्राचेच काम पावसाने करणे होय. म्हणून कापडांचे भरपूर जोड हवेत, ते पंख्याखाली वाळवण्याची तजवीज हवी, आणि नदीकाठच्या सखल भागात राहणाऱ्यांनी तर सशाची टोपली, एक जोड कोरडे कापड आणि थोडे गवत उंच फळीवर सदैव सिद्ध ठेवावे. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुराने बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली होती, त्या दिवसाची आठवण या भागातील घरांत अजून ताजी आहे. पाणी दारात आल्यावर घाबरलेल्या माणसाने घाबरलेल्या सशाला कसेबसे उचलणे, हा दुसरा मणका मोडण्याचा प्रसंग ठरतो.

अन्नाविषयी थोडक्यात. बिस्किटे, पोळी, भात, गाजरांचे ढीग हे सारे सशाच्या मऊ विष्ठेचे प्रमाण वाढवते, आणि जितकी ती अधिक तितकी ती चिकटते. सुके गवत हेच त्याचे मुख्य अन्न. भाताचा पेंढा जवळच्या खेड्यांतून मुबलक मिळतो, पण तो निःसत्त्व आहे. शहापूर-मुरबाडकडच्या माळांवर पावसाळ्यानंतर कापलेले, बुरशी न लागलेले गवत आणि घरची हरळी यांवर चंदूचे आतडे सुरळीत झाले. पाणी बाटलीतून न देता जड चिनी मातीच्या वाडग्यात दिले की ससा अधिक पितो आणि मूत्र पातळ राहते.

कोरडे स्नान

सशाला अंघोळ घालू नये. त्याची लोकर इतकी दाट असते की ती वाळण्यास फार वेळ लागतो, दरम्यान त्याचे शरीर गार पडते, आणि भयाने व गारठ्याने मिळून तो दगावू शकतो. उन्हाळ्यात तरी काय हरकत, असे बदलापूरच्या 40 अंशांवर जाणाऱ्या उन्हात राहणारा मनुष्य विचारील. तर ससा 28-30 अंशांपुढे व्याकुळ होऊ लागतो हे खरे असले तरी त्याचा इलाज म्हणजे ओली फरशी, सावली आणि कानांवरून फिरवलेला ओला हात, बादलीभर पाणी नव्हे.

वाळलेला मळ काढण्यासाठी किराणा दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून जे पांढरे, गुळगुळीत पीठ मिळते, ते उत्तम. मक्याच्या भाकरीचे पिवळे पीठ निराळे, त्याचा येथे उपयोग नाही. आणि लहान मुलांना लावण्याच्या टाल्कम पावडरीची धूळ फुप्फुसांत जाते म्हणून तीही वर्ज्य. चिमूटभर पीठ मळलेल्या लोकरीत बोटांनी चोळावे, क्षणभर थांबावे, गाठ भुसभुशीत झाली की ती बोटांनीच मोकळी करावी, ओढू नये. सशाची त्वचा कागदाइतकी नाजूक असून गाठीबरोबर ती फाटून येते. कात्रीचाही मोह टाळावा, कारण गाठीत त्वचा केव्हा येते ते कळत नाही. जिथे पीठ पुरत नाही तिथे उकळून कोमट केलेल्या पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा, आणि अगदीच निकड असेल तर उथळ परातीत केवळ पार्श्वभाग बुडेल एवढे कोमट पाणी; त्यानंतर ताबडतोब टॉवेलाने टिपून, घासून नव्हे, पूर्ण कोरडे करणे. जांघेतील मेण खोबरेल तेलाच्या दोन थेंबांनी मऊ होते. सोलवटलेल्या त्वचेवर हळद, फरशी पुसण्याचे जंतुनाशक किंवा माणसांची मलमे लावण्याचा दस्तूर अनेक घरांत आहे, तो सोडावा. ससा जे अंगावर लागेल ते चाटतो.

माश्या

या लेखातील एकच भाग वाचून लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवावा. मळलेल्या, ओल्या लोकरीत माशी अंडी घालते, उष्ण आणि दमट हवेत ती एका दिवसाच्या आतच फुटतात, आणि त्यांतून निघालेल्या अळ्या जिवंत मांस खात आत शिरतात. पांगळ्या सशाला ती माशी हाकलता येत नाही आणि पुष्कळदा त्या भागातील संवेदना गेल्याने त्याला काही कळतही नाही. वरवर शांत बसलेला ससा आतून पोखरला जात असतो. म्हणून पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ त्याच्या शेपटीखाली आणि पोटाखाली पाहणे हे औषधाहून श्रेष्ठ आहे, त्याच्या खोलीला जाळी हवी, आणि अळी दिसताच त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, वैद्य गाठावा. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी मिळणारे फिप्रोनिलचे थेंब सशाला प्राणघातक ठरतात. दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी ते घेऊ नयेत.

वैद्य

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांची उभारणी गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या यांच्यासाठी झाली, आणि शहरांतील खासगी दवाखाने मुख्यतः कुत्र्या-मांजरांचे. सशाचे आजार ओळखणारा वैद्य या पट्ट्यात शोधावा लागतो, आणि तो शोध ससा आजारी पडण्यापूर्वीच करून ठेवावा. वैद्याला विचारण्याचा पहिला प्रश्न असा की तोंडावाटे अमॉक्सिसिलिन सशाला देता येते का. नाही, असे उत्तर तात्काळ आले तर त्याला सशाची माहिती आहे असे समजावे, कारण ते औषध त्याच्या आतड्यांतील उपकारक जंतू मारते आणि ससा त्यानेच दगावतो. गुंतागुंतीच्या प्रसंगी परळची वाट उरते. तेथे 1886 साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि 1874 पासून चालत आलेल्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक मंडळीचे, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे रुग्णालय आहे. बदलापूर हे मुंबईच्या मुख्य स्थानकापासून रेल्वेने सुमारे 68 किलोमीटर. हा प्रवास दुपारच्या मोकळ्या गाडीने, झाकलेल्या टोपलीत, गवत आणि ओला टॉवेल बरोबर घेऊनच करावा. मूत्राशय आपोआप रिकामे होत नसेल तर ते हळुवार दाबून रिकामे करण्याची रीत असते, परंतु ती वैद्याच्या हाताखाली शिकल्याविना कोणीही करू नये, कारण चुकीच्या दाबाने मूत्राशय फुटते. आणि बारा तास सशाने काही खाल्ले नाही किंवा लेंडी टाकली नाही, तर ती निकड समजावी.

चंदूला अलीकडे एक सोबतीण आणली आहे. ती त्याचे डोळे आणि कान चाटून साफ करते, आणि आश्चर्य असे की तिला तो मान झुकवून देतो. माणसाच्या हाताची काही कामे तिने आपल्या ताब्यात घेतली, ही त्या घरातील सर्वांत मोठी सुधारणा झाली आहे.

दिवाळीच्या रात्री

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा फटाक्यांचे दिवस असतील. अचानक झालेल्या स्फोटाने बिचकलेला ससा भिंतीवर आदळतो, पांगळा असला तरी पुढच्या पायांनी अंग फेकतो, आणि त्या भयाने त्याची आतडी थांबतात. ज्यांच्या घरी असा ससा आहे त्यांनी या रात्रींत त्याची सफाई पहाटेच्या शांत वेळी उरकावी, संध्याकाळनंतर त्याला टॉवेलात घेऊ नये, आतल्या खोलीत जाड चादरीने झाकलेल्या पेटीत त्याची जागा करावी आणि गवत भरपूर ठेवावे. ज्यांच्या घरी ससा नाही, त्यांना एवढीच विनंती आहे, की आपल्या इमारतीत कोणाकडे ससा आहे का याची चौकशी करावी, आणि असल्यास त्या घराच्या खिडकीखाली सुतळी बॉम्ब लावू नये, मुलांनाही लावू देऊ नये.